स्विच वापरून डिक्शनरीतील नोंदींची वर्गवारी : एमएच ०१ ते एमएच ५०

विमापत्रक

नमस्कार.

मी बरीच वर्षे मोटारविम्याच्या दाव्यांचे काम करतो आहे आणि गेले दोन महिने आयपॅडवर स्विफ्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा माझी मीच शिकतो आहे. डिक्शनरी (की आणि व्हॅल्यू अशा जोड्यांचा साठा) आणि स्विच (किमतीनुसार निरनिराळ्या केस निवडणारी रचना) हे दोन धडे संपल्यावर सरावाला एक उदाहरण होते. डिक्शनरीतील नोंदी एकेक करून घ्यायच्या आणि स्विच वापरून त्या निरनिराळ्या अ‍ॅरेंमध्ये, म्हणजे याद्यांमध्ये, 'सॉर्ट' करायच्या. उदाहरणातील परदेशी राजधान्यांत माझे मन रमेना, म्हणून रोज हाताखालून जाणारी माहिती घेतली. वाहनाच्या पाटीवर एमएचनंतर येणारा आकडा ही की आणि त्या परिवहन कार्यालयाचे ठिकाण ही व्हॅल्यू. एमएच ०१ मुंबई मध्य, ०९ कोल्हापूर, १२ पुणे, ३१ नागपूर अशा ५० नोंदी भरल्या. त्या राज्याच्या सहा महसुली विभागांत वाटायच्या आहेत.

प्रोग्रॅमचा कोड खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो. भाषेचे राखीव शब्द आणि आकडे प्रत्यक्षात रोमन आहेत, पण चलांची नावे मी खरोखरच देवनागरीत ठेवली आहेत आणि स्विफ्टने ती विनातक्रार स्वीकारली, याचा मला फार आनंद झाला.

फॉर (कोड, स्थळ) इन वाहनस्थळे {
    व्हार कोकण: [स्ट्रिंग] = []
    व्हार पुणे: [स्ट्रिंग] = []
    (असेच आणखी चार)
    स्विच स्थळ {
    केस "ठाणे", "रत्नागिरी", "सिंधुदुर्ग": कोकण.अपेंड(स्थळ)
    केस "पुणे", "सातारा", "कोल्हापूर": पुणे.अपेंड(स्थळ)
    (पुढे इतर विभाग)
    डिफॉल्ट: ब्रेक
    }
    प्रिंट(कोकण, पुणे, आणि असेच आणखी चार)
}

अडचणी अशा. प्रत्येक ओळीत एकच गाव छापले जाते आणि बाकीचे कंस रिकामे येतात. गावांचा क्रम दर वेळी बदलतो. सकाळी पहिले यवतमाळ आले होते, दुपारी पेण आले. काही गावे तर कुठेच दिसत नाहीत. शेवटची डिफॉल्टची ओळ मी आधी लिहिली नव्हती, पण 'स्विच मस्ट बी एक्झॉस्टिव्ह' अशी तक्रार आल्यामुळे ती घातली आणि तक्रार थांबली. स्विचने सॉर्टिंग करायचे म्हणजे नेमके काय करायचे, तेच माझ्या लक्षात आलेले नाही असे वाटते.

अर्धविराम

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचा बराचसा गोंधळ त्यातूनच आला आहे. इंग्रजीतील सॉर्ट या एका शब्दात आपल्याकडची दोन कामे येतात. धान्य निवडताना खडे एकीकडे आणि दाणे एकीकडे करतो ती वर्गवारी, आणि मुलांना उंचीप्रमाणे उभे करतो ती क्रमवारी. स्विच फक्त पहिले काम करतो. नोंद हातात घेतली, तिच्याकडे पाहिले, योग्य कप्प्यात टाकली, पुढची घेतली. कप्प्यातल्या नोंदी कोणत्या क्रमाने पडल्या याच्याशी त्याला काही देणेघेणे नाही. क्रम लावायचा असेल तर त्याला 'सॉर्टेड' ही वेगळी सोय आहे आणि ती स्विचच्या आधी किंवा नंतर वापरायची.

आता एकेका ओळीत एकच गाव का येते ते पाहू. सहाही अ‍ॅरे तुम्ही लूपच्या (फॉरने सुरू होणाऱ्या आवर्तनाच्या) आत जन्माला घातल्या आहेत. लूपच्या प्रत्येक फेरीत सहा नवे रिकामे डबे येतात, त्यांतल्या एकात एक गाव पडते, ते छापले जाते आणि फेरी संपताच सहाही डबे नाहीसे होतात. त्या सहा ओळी लूपच्या वर न्या आणि छापण्याची ओळ लूप संपल्यानंतर लिहा.

खणकप्पा

थोडे अवांतर, पण विषयाला धरून आहे. माझे वडील रेल्वे टपाल सेवेत सॉर्टर होते. त्यांच्यासमोर लाकडी खणांची भिंत असे. पत्र हातात घेऊन पिनकोड पाहायचा आणि त्या त्या खणात भिरकावायचे. खणातली पत्रे एकमेकांच्या तुलनेत कोणत्या क्रमाने आहेत हे कोणी पाहत नसे, तरी त्या कामाचे नाव सॉर्टिंगच होते. त्यात एक खण असाही असे, जिथे पत्ता न लागलेली पत्रे पडत आणि पाळी संपताना कोणाला तरी ती सगळी पुन्हा बघावीच लागत. तुमचे 'डिफॉल्ट: ब्रेक' म्हणजे तो खण काढून त्या जागी खिडकी उघडी ठेवण्यासारखे आहे.

विमापत्रक

खणांच्या भिंतीचे उदाहरण पटले. अ‍ॅरे लूपच्या बाहेर काढल्या आणि आता सहा याद्या दिसू लागल्या आहेत. डिफॉल्टमध्ये 'ब्रेक'ऐवजी 'इतर' नावाच्या सातव्या अ‍ॅरेत नोंद टाकली, तेव्हा हरवलेली गावे सापडली : औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर आणि बुलडाणा. मी नोंदी आमच्या जुन्या रजिस्टरवरून भरल्या होत्या आणि केसच्या ओळी लिहिताना मात्र छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही आजची नावे लिहिली. बुलडाण्यात तर फक्त 'डा' आणि 'ढा' एवढाच फरक होता. नावे दुरुस्त केली आणि काम झाले.

अर्धविराम

काम झाले म्हणू नका, कारण नावे दुरुस्त करणे हा उपाय तात्पुरता आहे. तुम्ही स्विच व्हॅल्यूवर लावला आहे, तो कीवर लावायला हवा. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव या जिल्ह्यांची नावे २०२३ मध्ये बदलली, अहिल्यानगरचे २०२४ मध्ये. पण एमएच २०, २५ आणि १६ हे आकडे होते तसेच राहिले. नाव हे माणसांनी वाचण्यासाठी असते, त्याचे लेखन बदलते, त्यात शेवटी चुकून एखादी मोकळी जागा राहते आणि संगणकाच्या दृष्टीने तेवढ्यानेही ती दोन वेगळी नावे होतात. निर्णय शक्य तेव्हा न बदलणाऱ्या गोष्टीवर घ्यावा, आणि डिक्शनरीत ती गोष्ट सहसा की असते.

शिवाय की पूर्णांक असल्यामुळे तुम्हाला पल्ले वापरता येतील. ९ ते १४ हे सहाही कोड पुणे विभागात येतात, तेव्हा सहा नावांच्या जागी 'केस ९...१४' एवढेच लिहिता येते.

जुना_जावाकर

एक धोक्याची सूचना. प्रत्येक केसच्या शेवटी ब्रेक लिहायला विसरू नका. नाहीतर कोकणातली गाडी कोकणच्या अ‍ॅरेत पडेल आणि तिथून घसरत घसरत पुणे, नाशिक, थेट नागपूरपर्यंत प्रत्येक अ‍ॅरेत जाऊन बसेल. जावा या भाषेत नवीन असताना मी याच कारणाने एक अख्खी रात्र घालवली आहे.

दुसरे म्हणजे आकडे ०८, ०९ असे शून्य लावून लिहू नका. जावात आणि सी भाषेत शून्याने सुरू होणारा पूर्णांक अष्टमान पद्धतीचा धरला जातो आणि अष्टमानात ८ आणि ९ हे अंकच नसतात. त्यामुळे ०१ ते ०७ निमूटपणे चालतात आणि ०८ ला गाडे अडते.

अर्धविराम

दोन्ही सूचना जावासाठी अगदी बरोबर आहेत, पण हे गृहस्थ स्विफ्ट शिकत आहेत आणि तिथे दोन्ही नियम वेगळे आहेत. स्विफ्टमध्ये एक केस जुळली की तेवढेच काम होऊन स्विच संपतो. खालच्या केसमध्ये मुद्दाम घसरायचे असेल तर 'फॉलथ्रू' असे स्पष्ट लिहावे लागते. ब्रेक लागतो तो केसमध्ये काहीच करायचे नसेल तेव्हा, कारण रिकामी केस स्विफ्ट चालवून घेत नाही. अष्टमान आकड्यासाठी स्विफ्टमध्ये शून्यानंतर ओ हे अक्षर लावतात, त्यामुळे ०८ म्हणजे आठच. तरीही शून्य न लावण्याची सवय चांगली, कारण उद्या ते जावाकडे वळले तर रत्नागिरीला अडणार नाहीत.

निशिगंध

क्रम दर वेळी का बदलतो, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही, म्हणून लिहिते. डिक्शनरी आतून हॅश टेबल असते. कीवर एक गणिती क्रिया करून आलेल्या आकड्यावरून नोंद कोणत्या जागी ठेवायची ते ठरते आणि लूप त्या जागांच्या क्रमाने फिरतो. तुम्ही नोंदी कोणत्या क्रमाने लिहिल्या याची आठवण तिथे कोणी ठेवत नाही. २०१८ मधील स्विफ्ट ४.२ पासून या क्रियेत प्रोग्रॅम सुरू होताना दर वेळी एक नवा यादृच्छिक आकडा मिसळला जातो. याचे कारण सुरक्षिततेचे आहे. सगळ्या नोंदी एकाच जागी गर्दी करतील अशा की कोणी हेतुपुरस्सर पाठवल्या, तर सर्व्हर रखडू शकतो. क्रियाच दर वेळी बदलत असेल तर अशा की आधी शोधून ठेवता येत नाहीत. सकाळी यवतमाळ आणि दुपारी पेण यांचे मूळ इथे आहे.

पायथॉन शिकलेल्यांना हे विचित्र वाटते, कारण पायथॉनच्या ३.७ आवृत्तीपासून नोंदी टाकल्या त्याच क्रमाने डिक्शनरीतून बाहेर येतील अशी भाषेचीच हमी आहे. स्विफ्टमध्ये तुम्हाला क्रम हवा असेल तर 'फॉर कोड इन वाहनस्थळे.कीज.सॉर्टेड()' असे लिहा आणि स्थळ त्या कोडावरून काढा. की पूर्णांक ठेवली हे फार बरे झाले. ती अक्षरांची असती आणि पुढचे शून्य गाळले असते, तर १० हा ९ च्या आधी लागला असता, कारण अक्षरांची तुलना पहिल्या अक्षरापासून सुरू होते.

विमापत्रक

कीज.सॉर्टेड लावल्यावर सगळे ओळीत आले. मात्र पल्ल्यांनी मला फसवले. १ ते ८ कोकण, ९ ते १४ पुणे, १५ ते १९ नाशिक, २० ते २६ छत्रपती संभाजीनगर, २७ ते ३० अमरावती आणि ३१ ते ३६ नागपूर, इथपर्यंत आकडे जणू माझ्या स्विचसाठीच दिल्यासारखे होते. त्या भरात पुढचे सगळे ५० पर्यंत नागपुरात टाकले. छापून पाहिले तर वाशिम, हिंगोली आणि नंदुरबार नागपूर विभागात गेले होते, आणि त्यांच्या पाठोपाठ वसईसुद्धा.

अर्धविराम

३७, ३८ आणि ३९ हे तीन कोड अनुक्रमे वाशिम, हिंगोली आणि नंदुरबारचे आहेत. वाशिम आणि नंदुरबार हे जिल्हे १९९८ मध्ये झाले आणि हिंगोली १९९९ मध्ये. ते अनुक्रमे अमरावती, छत्रपती संभाजीनगर आणि नाशिक विभागांत येतात. चाळिशीनंतर तर भूगोलाचा क्रम उरतच नाही : ४१ मालेगाव, ४२ बारामती, ४३ नवी मुंबई, ४४ अंबाजोगाई, ४५ अकलूज, ४६ पनवेल. स्विफ्टमध्ये एका केसमध्ये पल्ले आणि सुटे आकडे स्वल्पविरामाने एकत्र लिहिता येतात, म्हणजे अमरावतीसाठी 'केस २७...३०, ३७' असे पुरते.

स्विच वरून खाली पाहत जातो आणि पहिली जुळेल ती केस घेतो, हे मात्र पक्के ध्यानात ठेवा. वर २७...४० असा मोठा पल्ला लिहिला आणि खाली ३८ साठी वेगळी केस केली, तर ती खालची केस कधीच चालणार नाही, आणि पूर्णांकांचे पल्ले एकमेकांवर चढले तरी कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा) त्याबद्दल सावध करत नाही.

निशिगंध

मला इथे थोडा वेगळा विचार मांडायचा आहे. पहिल्या ३६ कोडांमध्ये काही नियम दिसतो, त्यानंतर नुसती यादी आहे. नियम स्विचमध्ये शोभतो. यादी माहितीत ठेवावी. कोड ही की आणि विभाग ही व्हॅल्यू अशी दुसरी डिक्शनरी केली, तर ५१ व्या कोडाची गाडी आली की माहितीत एक ओळ वाढवायची, प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. व्यवसायात मी हेच करेन आणि कोणी असा सुट्या आकड्यांनी भरलेला स्विच तपासायला पाठवला तर परतही करेन.

अर्धविराम

व्यवसायात मीही परत करेन. पण ते स्विच शिकत आहेत, आणि स्विच कुठे अपुरा पडतो हे कळायला तो एकदा तिथवर ताणावा लागतो. मी एवढेच सुचवेन की स्विच लूपमधून काढून एका फंक्शनमध्ये ठेवावा. फंक्शनला कोड द्यायचा आणि त्याने विभाग सांगायचा. उद्या आतला स्विच काढून तिथे निशिगंध म्हणतात तशी डिक्शनरी ठेवली, तरी बाहेरचे काहीच बदलणार नाही. विभागांसाठी सहा केसचे एनम (ठरावीक पर्यायांचा आपला स्वतःचा प्रकार) करा. एनमवर स्विच लावला आणि सहाही केस लिहिल्या तर डिफॉल्ट लागत नाही, आणि एखादी केस राहिली तर कंपायलर स्वतःच सांगतो. पूर्णांकांवर ती सोय नाही. तिथे सगळे पल्ले भरले तरी डिफॉल्ट मागितला जातोच.

वाटप करायला स्विफ्ट ४ पासून 'डिक्शनरी(ग्रुपिंग: बाय:)' अशी तयार सोय आहे. तिला नोंदी आणि हे फंक्शन दिले की विभागवार गट मिळतात आणि सहा अ‍ॅरे हाताने सांभाळाव्या लागत नाहीत.

विमापत्रक

निशिगंध यांचे म्हणणे पटते, पण दुसरी डिक्शनरी मी पुढच्या रविवारी करीन. आज स्विचच पूर्ण केला आहे.

फंक विभागकोणता(_ कोड: इंट) -> विभाग? {
    स्विच कोड {
    केस १...८, ४३, ४६...४८: रिटर्न .कोकण
    केस ९...१४, ४२...४५, ५०: रिटर्न .पुणे
    केस १५...१९, ३९, ४१: रिटर्न .नाशिक
    केस २०...२६, ३८, ४४: रिटर्न .संभाजीनगर
    केस २७...३०, ३७: रिटर्न .अमरावती
    केस ३१...३६, ४०, ४९: रिटर्न .नागपूर
    डिफॉल्ट: रिटर्न निल
    }
}

ग्रुपिंग लावून मोजले तर कोकण १२, पुणे १०, नाशिक ७, छत्रपती संभाजीनगर ८, अमरावती ५ आणि नागपूर ८ आले. बेरीज बरोबर ५० आहे आणि निल (म्हणजे कोणताच विभाग नाही) एकही नाही, म्हणजे एकही नोंद सुटलेली नाही आणि एकही दोनदा आलेली नाही. पुणे विभागाची यादी अशी : कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, पिंपरी-चिंचवड, बारामती, अंबाजोगाई, अकलूज, कराड.

जोगाईकर

धागा सुरुवातीपासून वाचतो आहे, प्रोग्रॅमिंग फारसे कळत नाही. पण अंबाजोगाई पुणे विभागात कधीपासून गेले? आमचा तालुका बीड जिल्ह्यात आहे आणि आमच्या गाडीवर ४४ आहे.

अर्धविराम

तुम्हाला प्रोग्रॅमिंग कळत नाही असे कोण म्हणेल? मीही ती यादी वाचून पुढे गेलो होतो.

चूक पुण्याच्या केसमध्ये आहे. तिथे ४२ आणि ४५ यांच्यामध्ये स्वल्पविराम हवा होता, पण तीन टिंबे पडली आणि ४३ व ४४ हे दोघेही पल्ल्यात ओढले गेले. त्यातला ४३ वरच्या कोकणच्या केसने आधीच उचलला म्हणून नवी मुंबई वाचली. ४४ ची योग्य केस खाली असल्यामुळे अंबाजोगाई पुण्याला गेली. बेरीज ५० आली याने काहीच सिद्ध होत नाही. प्रत्येक कोडाला एकच उत्तर मिळते आहे एवढेच ती सांगते, उत्तर बरोबर आहे की नाही ते सांगत नाही.

एक तपासणी करून पाहा. सहाही केस उलट्या क्रमाने लिहा, नागपूर वर आणि कोकण खाली. पल्ले एकमेकांवर चढलेले नसतील, तर केसचा क्रम बदलल्याने उत्तरात तसूभरही फरक पडायला नको.

विमापत्रक

जोगाईकर, आपले मनापासून आभार आणि अंबाजोगाईची क्षमा मागतो.

टिंबे तशीच ठेवून आधी केस उलट्या लावून पाहिल्या. अंबाजोगाई आपल्या विभागात परतली, पण या वेळी नवी मुंबई पुण्याला गेली : कोकण ११, पुणे १०, नाशिक ७, छत्रपती संभाजीनगर ९, अमरावती ५, नागपूर ८. बेरीज पुन्हा ५० च. त्यानंतर टिंबांच्या जागी स्वल्पविराम केला आणि दोन्ही क्रमांनी चालवले. दोन्ही वेळा कोकण १२, पुणे ९, नाशिक ७, छत्रपती संभाजीनगर ९, अमरावती ५ आणि नागपूर ८ आले. बारामतीच्या पुढे आता थेट अकलूज आहे.